बाई, चहा स्वस्त झाला होता, तर मग फेकला का?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात अलीकडे एका पालकांचे पत्र वाचले. इतिहास, नागरिकशास्त्र आणि अर्थशास्त्र या विषयांची परीक्षाच नको, तिन्हींचे मिळून एक वाचनाचे पुस्तक करा, कारण सनावळ्या आणि कलमे आता फोनवर मिळतात, असे त्यांचे म्हणणे. मी माध्यमिक शाळेत हेच तीन विषय सत्तावीस वर्षे शिकवते आहे. पत्र वाचून राग यायला हवा होता. आला नाही, कारण निम्मे पत्र मीच लिहिले असते. उरलेल्या निम्म्याबद्दल मात्र बोलायला हवे.

मी मूळची इतिहासाची. नागरिकशास्त्र इतिहासाच्या पुस्तकाला चिकटून आले आणि अर्थशास्त्र आले ते दुसरे कोणी घ्यायला नव्हते म्हणून. "तुमचंच आहे ते, घेऊन टाका," असे म्हणून वेळापत्रक माझ्या हातात ठेवले गेले. अर्थशास्त्राचे पुस्तक मी मुलांच्या फार तर दोन धडे पुढे राहून वाचत असे. कोणत्याही शिक्षकखोलीत विचारून पाहा, हे तीन विषय एकाच माणसाच्या गळ्यात असे पडलेले दिसतील. तीन तासिका, तीन वह्या, तीन वेगवेगळे पेपर, आणि शिकवणारी एकच बाई! तरीही सोमवारच्या इतिहासाचा मंगळवारच्या अर्थशास्त्राशी काही संबंध आहे, हे तिच्या डोक्यात येत नाही. माझ्या तरी पहिली दहा-अकरा वर्षे आले नव्हते. मी मुद्दे सांगायची, मुले उतरवून घ्यायची. वह्या देखण्या, निकाल चांगला, आणि शेवटच्या तासाला अर्धा वर्ग पेंगलेला.

मग एक दिवस अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचा धडा चालू होता. बोस्टनच्या बंदरातला चहाचा प्रसंग मी नेहमीप्रमाणे रंगवून सांगितला. १६ डिसेंबर १७७३ ची रात्र, डार्टमथ, एलिनॉर आणि बीव्हर ही तीन जहाजे, वेष पालटून चढलेली माणसे, पाण्यात रिकाम्या केलेल्या ३४२ पेट्या. कारण? ब्रिटनने चहावरचा कर वाढवला. फळ्यावर तसे लिहून खाली दोन रेघाही मारल्या.

तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. एरवी तोंड न उघडणारी. म्हणाली, "बाई, मी काल वाचलं. त्या वर्षीच्या कायद्यानं चहा स्वस्त झाला होता. मग फेकला का?"

मी म्हटले, "नीट वाच पुन्हा." ती खाली बसली. तास संपला. ते वाक्य तोंडातून गेले त्याच क्षणी मला कळले होते की नीट वाचायचे मला आहे.

दोन रात्री वाचत बसले. मुलीचे बरोबर होते. ब्रिटिश संसदेने १७६७ मध्ये अमेरिकेतल्या आपल्या वसाहतींत जाणाऱ्या काच, कागद, शिसे, रंग आणि चहा यांच्यावर जकात बसवली होती. ओरड झाल्यावर १७७० मध्ये बाकी सगळी उठवली, फक्त चहावरची पौंडामागे तीन पेन्स तेवढी ठेवली. कर लावण्याचा आपला अधिकार दिसत राहावा म्हणून. १७७३ च्या कायद्याने ही जकात वाढली नाही. ईस्ट इंडिया कंपनीला आपला चहा मधल्या व्यापाऱ्यांना वगळून थेट वसाहतींत पाठवण्याची परवानगी मिळाली, लंडनमध्ये भरलेला करही परत मिळाला. म्हणजे चहाचा भाव उतरलाच. बुडाले ते चोरट्या मार्गाने डच चहा आणून विकणारे आणि कंपनीच्या मर्जीतल्या चार अडत्यांच्या यादीत नाव नसलेले व्यापारी. आणि बाकीच्यांपुढे पेच असा, की हा स्वस्त चहा विकत घेतला म्हणजे त्यावरचे तीन पेन्स मुकाट्याने मान्य केले. ज्या संसदेत आपला एकही प्रतिनिधी नाही, तिला कर घेण्याचा हक्क दिला. (जाता जाता, तो चहा चीनचा होता. आसामचा चहा बाजारात यायला अजून साठ-पासष्ट वर्षे होती. हेही मला त्याच रात्री कळले. तोपर्यंत माझ्या कल्पनेतल्या त्या पेट्या आसामच्या होत्या.)

पण एका कंपनीचा माल खपावा म्हणून संसदेने कायदाच का करावा? कारण कंपनी बुडायला आली होती. लंडनच्या गोदामांत न विकलेला चहा पडून होता आणि सरकारचे देणे थकले होते. १७७० च्या दुष्काळाने बंगाल उद्ध्वस्त झाला होता. त्यातही वसुली थांबली नव्हती. कंपनीचा बंगालमधला गव्हर्नर वॉरन हेस्टिंग्ज यानेच १७७२ मध्ये वरिष्ठांना कळवले की निदान एक तृतीयांश रयत मेली, तरी १७७१ ची निव्वळ वसुली १७६८ पेक्षाही जास्त भरली. अशा कंपनीला सरकारने १७७३ मध्ये चौदा लाख पौंडांचे कर्ज दिले, चहा खपवायला कायदा दिला, आणि त्याच वर्षी लगाम घालायला आणखी एक कायदा केला, रेग्युलेटिंग ॲक्ट.

हा रेग्युलेटिंग ॲक्ट मी अकरा वर्षे शिकवत होते. वेगळ्या धड्यात, वेगळ्या महिन्यात. गव्हर्नर जनरल, चार जणांचे मंडळ, कलकत्त्याचे सर्वोच्च न्यायालय, "तरतुदी लिहा", चार गुण. बोस्टनचा चहा आणि कलकत्त्याचा गव्हर्नर जनरल एकाच कंपनीच्या एकाच दिवाळखोरीतून, एकाच वर्षी, एकाच संसदेत जन्माला आले, हे मला शिकवणाऱ्यांनी कधी सांगितले नव्हते आणि मीही कोणाला सांगितले नव्हते.

तिसऱ्या दिवशी वर्गात जाऊन आधी त्या मुलीची माफी मागितली. मग फळ्याचे तीन भाग केले. पहिल्या भागावर लिहिले, काय घडले आणि ते आपल्याला कोणी सांगितले. दुसऱ्यावर, हे करण्याचा अधिकार कोणाला होता. तिसऱ्यावर, पैसा कोणाच्या खिशातून निघून कोणाच्या खिशात गेला. इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र. पाटी न लावताही मुलांनी ओळखले. त्या दिवशी पुढच्या तासाचे सर दारात येऊन उभे राहिले तरी कोणाला पत्ता नव्हता.

एका मुलाने विचारले, "बंगालमध्ये काय चाललंय हे बोस्टनवाल्यांना माहीत होतं का?" होते. पेनसिल्व्हेनियाचा वकील जॉन डिकिन्सन याने त्याच वर्षी काढलेल्या पत्रकात कंपनीच्या आशियातल्या वागणुकीचाच दाखला दिला आहे. तिकडे माणसांच्या जिवाची पर्वा केली नाही ती कंपनी आता इकडे वळली आहे, असा त्याचा रोख. हे सांगितल्यावर वर्गात जी शांतता झाली, ती माझ्या मुद्द्यांच्या वह्यांनी कधी झाली नव्हती.

पुढच्या वर्षीच्या मुलांनी माझ्यावर कडी केली. त्यांनी १७६५ शोधून काढले. मार्चमध्ये ब्रिटिश संसदेने अमेरिकेतल्या वसाहतींवर स्टँप ॲक्ट लादला, ऑगस्टमध्ये कंपनीला बंगाल, बिहार, ओडिशाची दिवाणी मिळाली. एकीकडे दस्तऐवजांवरचा आणि वर्तमानपत्रांवरचा कर, दुसरीकडे तीन प्रांतांचा महसूल गोळा करण्याचा हक्क. स्टँप ॲक्ट वर्षभरात, १७६६ मध्ये, मागे घ्यावा लागला. दिवाणी राहिली. "असं का?" हा प्रश्न मी आजही परीक्षेत विचारू शकत नाही, पण वर्गात दर वर्षी विचारते, आणि दर वर्षी वेगळे उत्तर मिळते.

आता त्या पालकांकडे वळते. माहिती फोनवर मिळते, हे त्यांचे म्हणणे शंभर टक्के खरे. माझ्या त्या मुलीलाही चहा स्वस्त झाल्याचे कुठल्या तरी पडद्यावरच मिळाले असणार. पण फोनने तिला प्रश्न दिला नाही. बाई काल एक म्हणाल्या आणि इथे दुसरेच लिहिले आहे, ही दोन वाक्ये तिने शेजारी शेजारी ठेवली म्हणून तो पडला. ती सवय लावणे हेच आमचे काम.

आणि सनावळ्यांची एवढी बदनामी कशासाठी? घोकंपट्टीची मला शिसारी आहे. पण १७७३ आणि १७७३ हे आकडे सारखे आहेत एवढे जरी डोक्यात नसेल, तर चहा आणि रेग्युलेटिंग ॲक्ट यांची गाठ पडायची कशी? सन ही खुंटी आहे. खुंटीवर काही टांगायचेच नसेल तर भिंतीला पन्नास खुंट्या ठोकणे हा वेडेपणा, हे कबूल. म्हणून सगळ्या खुंट्या उपटून टाका म्हणणारे कपडे मग जमिनीवर ठेवणार आहेत का? माझ्या मुलांना वर्षाला पंधरा-वीस सन पक्के येतात, त्याहून जास्त मी मागत नाही. १७७६ त्यात आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा जुलैमधला आणि ॲडम स्मिथचा 'वेल्थ ऑफ नेशन्स' मार्चमधला. त्या ग्रंथात स्मिथने ईस्ट इंडिया कंपनीच्या मक्तेदारीची आणि कारभाराची चांगली सालटी काढली आहेत. अर्थशास्त्राच्या पुस्तकात मात्र स्मिथ 'अर्थशास्त्राचे जनक' म्हणून चौकटीत बसलेला असतो. आपण इतिहासाच्या धड्यात ज्या कंपनीबद्दल वाचले तिच्याचबद्दल हा गृहस्थ लिहीत होता, हे कोणी सांगत नाही.

अर्थशास्त्राची मला सगळ्यात जास्त भीती होती. मागणीचा वक्र, म्हणजे किंमत आणि मागणी यांचा आलेख, काढताना गणितात हुशार असलेला एक मुलगा म्हणाला, "बाई, किंमत बदलते म्हणून मागणी बदलते ना? मग किंमत आडव्या अक्षावर पाहिजे." कारण आडव्या अक्षावर आणि परिणाम उभ्यावर, या गणिताच्या रिवाजाने त्याचेच खरे. इंग्लिश अर्थशास्त्रज्ञ अल्फ्रेड मार्शलने १८९० च्या आपल्या ग्रंथात किंमत उभ्या अक्षावर घेतली आणि जग आजतागायत तसेच काढते. हे मला माहीत व्हायला सहा वर्षे लागली. तोवर "पुस्तकात आहे तसं काढ" हे माझे उत्तर.

दर वर्षी एक तरी मूल विचारते की सरकारला नोटा छापता येतात, तर छापून सगळ्यांना वाटून का टाकत नाही. पूर्वी मी याला व्याख्येने उत्तर द्यायची. आता लिलाव करते. अठ्ठेचाळीस मुलांचे आठ गट. प्रत्येक गटाला पुठ्ठ्याचे दहा तुकडे. टेबलावर रंगीत खडूंची एक पेटी. बोली लागते, पेटी आठ तुकड्यांना जाते. मग मी सात गटांना आणखी वीस-वीस तुकडे वाटते. वर्गात जल्लोष. आठव्या गटाला मुद्दाम काहीच देत नाही, ते जुन्या दहांवर. तशीच दुसरी पेटी टेबलावर ठेवते. गेल्या खेपेला ती सव्वीसला गेली.

जल्लोष केव्हा थांबला ते मला आठवते. घेणाऱ्या गटाने पेटी उघडून पाहिली, खडू तेवढेच. मागून एक मुलगा म्हणाला, "बाई, तुकडे वाढले, पण पेट्या कुठे वाढल्या?" आणि आठव्या गटातली मुलगी चिडून म्हणाली, "आमचे दहा तर तसेच आहेत! मघाशी त्यात पेटी आली असती." महागाई म्हणजे काय आणि ती सगळ्यांना सारखी का लागत नाही, या दोन वाक्यांपलीकडे मला सांगायचे फारसे उरले नाही.

मग १९२३ चा जर्मनी. जानेवारीत फ्रान्स आणि बेल्जियमच्या सैन्याने रुरचा खाणींचा आणि कारखान्यांचा प्रदेश ताब्यात घेतला, कामगारांनी काम थांबवले, सरकारने त्यांचे पगार नोटा छापून भागवले. नोव्हेंबरमध्ये एका डॉलरला चार लाख वीस हजार कोटी मार्क. हा आकडा मी बोलत नाही, एका मुलाला फळ्यावर लिहायला लावते. बेचाळीस आणि त्यापुढे अकरा शून्ये. फळा अपुरा पडतो, तो वाकून खाली लिहितो. मग नवे चलन आले आणि बारा शून्ये पुसली गेली, तेव्हा आठव्या गटाचे काय झाले? म्हणजे ज्यांनी आयुष्यभर साठवून बँकेत ठेवले होते त्यांचे? हे मुलेच विचारतात. आणि पुढे दहा वर्षांत जर्मनीत काय झाले तो इतिहासाचा धडा त्यांना आधीच माहीत असतो. अर्थात एकाचे खापर सरळ दुसऱ्यावर फोडू नका, हेही मला बजावावे लागते. नोटा १९२३ च्या, हिटलर सत्तेवर आला १९३३ ला, आणि मध्ये महामंदी आहे. मंदी दाखवायला मी दुसऱ्या दिवशी तुकडे काढून घेते. तो खेळ कोणालाच आवडत नाही.

नागरिकशास्त्र हा तिन्हींतला सगळ्यात सपक विषय, असे मुलांचे मत. मलाही ते फार वर्षे पटत होते. पात्रता, कार्यकाळ, अधिकार, कर्तव्ये. मग एका नववीला मी सांगितले की वर्गाचे नियम तुम्हीच करा, मतदानाने. आठ नियम झाले. आठवा असा की वर्ग झाडणे आणि फळा पुसणे हे काम मागच्या दोन रांगांनी करायचे. एकोणचाळीस विरुद्ध नऊ. मी तो तसाच राहू दिला. दुसऱ्या दिवशी मागचा एक मुलगा झाडू हातात घेऊनच बोलला, "बाई, हे बरोबर नाही." पुढचे म्हणाले, "मतदान झालंय, तूपण मत दिलंस." त्यावर तो म्हणाला, "दिलं. पण आम्ही नऊ आहोत आणि कितीही वेळा मोजलं तरी नऊच राहणार."

या वाक्यावर मी पूर्ण आठवडा काढला. अमेरिकेने १७८७ मध्ये राज्यघटना लिहिली तेव्हा तिच्यात हक्कांची वेगळी यादीच नव्हती. ती यावी म्हणून भांडण झाले आणि १७९१ मध्ये पहिल्या दहा दुरुस्त्या म्हणून ती आली. भारताच्या घटनाकारांनी मूलभूत हक्क पहिल्यापासून तिसऱ्या भागात घातले. का, हे त्या झाडूवाल्या मुलाला समजावून सांगावे लागले नाही. वर्गाने नववा नियम केला, की ज्याचा बोजा ठरावीक मुलांवरच पडतो असा नियम मतदानाने करता येणार नाही. लगेच एक मुलगी उठली, "आणि हा नववा नियम मतदानाने काढता येईल का?"

बाई म्हणून असे क्षण सत्तावीस वर्षांत दहा-बारा आले असतील. मी तिला सांगितले की तुझ्या प्रश्नावर १९७३ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाचे तेरा न्यायाधीश बसले होते. केशवानंद भारती खटला. संसदेला घटनेत दुरुस्ती करता येईल, पण तिचा मूळ गाभा मोडता येणार नाही, असा निकाल लागला. सात विरुद्ध सहा. मुलगी म्हणाली, "म्हणजे बहुमतालाही गाभ्याला हात लावता येणार नाही हे ठरलं, तेही बहुमतानंच?" मी हो म्हटले आणि खडू खाली ठेवला. याच्यापुढे मला काही येत नव्हते.

पालकांना आणखी एक भीती असते, ती त्या पत्रातही डोकावते. वर्गात राजकारण येईल. रास्त भीती आहे. मुले मला सरळ विचारतात, "बाई, तुमचं मत कोणाला?" मी सांगत नाही, आणि का सांगत नाही याचाच धडा घेते. एके काळी मत उघड, मोठ्याने सांगून द्यावे लागे. जमीनदार किंवा मालक ऐकत उभा असे. छापील मतपत्रिकेवर गुप्त मतदान ऑस्ट्रेलियातल्या वसाहतींनी १८५६ मध्ये सुरू केले, ब्रिटनने १८७२ मध्ये घेतले. शिक्षिकाही मुलांच्या दृष्टीने एक प्रकारची मालकच असते, गुण तिच्या हातात असतात. माझे मत मुलांना कळले की अर्धी मुले ते लिहून पाठवतील आणि अर्धी मुद्दाम उलटे लिहितील. वादाच्या तासाला माझा एकच नियम आहे. आधी समोरच्याची बाजू अशी मांडायची की तो म्हणेल, हो, मला हेच म्हणायचे होते. मगच आपली. मोठ्यांच्या चर्चेत हे चालेल असे मात्र मला वाटत नाही.

परीक्षेबद्दल लिहिले नाही तर हे पत्र खोटे ठरेल. त्या चहाच्या धड्यानंतर दोन वर्षांनी एका सामाईक परीक्षेत "कारणे द्या" मध्ये बोस्टनच्या चहाचाच प्रश्न आला. माझ्या एका विद्यार्थिनीने कंपनीचा पडून राहिलेला माल, थेट विक्रीची परवानगी, तीन पेन्स आणि प्रतिनिधित्व असे सगळे पाच-सहा ओळींत नेमके लिहिले. तपासणाऱ्याने निम्मे गुण दिले. उत्तरसूचीत 'करवाढ' होते आणि तो शब्द तिच्या उत्तरात नव्हता. त्या तपासणाऱ्यांना मी दोष देत नाही. गठ्ठा केवढा असतो ते मला माहीत आहे. मुलगी रडली नाही. तिने मला विचारले, "पुढच्या वेळी खरं लिहू की मार्कांचं लिहू?"

मी म्हटले, "पहिली ओळ मार्कांची लिही, पुढे खरं लिही." व्यवहारी उत्तर आहे. त्यानंतरच्या प्रत्येक वर्गाला मी तेच देते आणि देताना दर वेळी घसा खाकरते.

म्हणून त्या पालकांना आणि अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांना माझे सांगणे आहे, परीक्षा काढू नका, प्रश्न बदला. एकच बदलला तरी चालेल. प्रश्नपत्रिकेत मुलांनी पूर्वी न पाहिलेला दहा-बारा ओळींचा एक जुना कागद द्या. हेस्टिंग्जचे वसुलीबद्दलचे ते पत्र, एखाद्या कायद्यातला उतारा, एखाद्या वर्षाचा जमाखर्च, काहीही. आणि विचारा, हे कोण लिहितो आहे, कोणाला, कशासाठी? यातली कोणती गोष्ट तो सांगायचे टाळतो आहे? खरेखोटे पाहायला आणखी कोणता कागद हवा? याला एकच बरोबर उत्तर नसते, पण चूक उत्तर नक्की असते. कागदात नसलेले लिहिले की ते चूक. मी माझ्या घटक चाचणीत हे चार वर्षे करते आहे. पहिल्या वर्षी निम्म्या वर्गाने कागदाकडे न बघता दुष्काळावर पाठ केलेली टीप उतरवून काढली. हेस्टिंग्ज वसुली वाढल्याची बढाई मारतो आहे की कबुली देतो आहे, यावर तिसऱ्या वर्षी दोन मुले सुट्टीतही भांडत होती.

याची किंमतही सांगते, उगाच गोड चित्र नको. असा एक पेपर तपासायला मला सहा मिनिटे लागतात, नेहमीच्याला दीड. अठ्ठेचाळीस पेपर म्हणजे जवळजवळ पाच तास, आणि तेही एका वर्गाचे. वर्षाचा भाग पुरा होत नाही. तहांच्या कलमांच्या याद्या मी "घरी वाचा" म्हणून सोडून देते, आणि त्यांवर प्रश्न आला की मुलांचे दोन-चार गुण जातात. त्यावरून मला बोलणी बसली आहेत, पुढेही बसतील. शिवाय हे शिकवायचे तर शिकवणाऱ्याला आधी स्वतः दोन रात्री बसावे लागते. इतिहासवाल्या बाईला "अर्थशास्त्र घेऊन टाका" म्हणून मोकळे होणाऱ्यांनी तिला निदान एका उन्हाळ्याची मुदत आणि चार बरी पुस्तके द्यावीत. तिन्ही विषय तिच्याकडेच येणार आहेत ना, मग ते एकत्र शिकवायला तरी तिला कोणी शिकवा.

नाव-गाव छापू नये ही विनंती. उत्तरसूचीचे प्रकरण आमच्याकडे अजून पुरते निवलेले नाही.

आपली,
एक माध्यमिक शिक्षिका

ता. क. वर्तमानपत्रातली कात्रणे मी वर्गात वापरते. बेरोजगारी एकदम दुप्पट झाल्यासारखी दाखवणारा एक स्तंभालेख (कोणत्या दैनिकातला ते सांगत नाही) गेल्या महिन्यात भिंतीवर लावला होता. उभा अक्ष शून्यापासून सुरू होत नाही, हे सगळ्यात आधी त्या किंमत-आडव्या-अक्षावर म्हणणाऱ्या मुलाच्या धाकट्या बहिणीने पकडले. तिने तोच आलेख शून्यापासून काढून शेजारी चिकटवला आहे. दोन्ही स्तंभ जवळजवळ सारख्याच उंचीचे आहेत. आपल्याकडे आलेख कोण काढते ते तिला जाणून घ्यायचे आहे.